कपड्यांची खोली

४ फेब्रुवारी

आई,

साष्टांग नमस्कार घालायला जमिनीवर जागा नाही, जिकडे तिकडे खोकी पडली आहेत. तेव्हा उभ्यानेच घालते, मानून घ्या. माझा फोन तुम्ही उचलत नाही. तुमच्या चिरंजीवांचा उचलता, पण "बरी आहे" एवढंच बोलून ठेवून देता. म्हणून म्हटलं पत्र लिहावं. पत्राला मध्येच "पुरे" म्हणून ठेवून देता येत नाही. म्हणजे येतं, पण तुमचा स्वभाव मला माहीत आहे. पुढे मी काय अक्कल पाजळली आहे ते वाचल्याशिवाय तुम्हाला चैन पडायचं नाही.

किल्ली मिळाली! काल संध्याकाळी साहेबांनी हातात ठेवली आणि मी चक्क उडी मारली, त्यांच्या टेबलासमोर. इतकी वर्षं लोकांना सॅम्पल फ्लॅट दाखवतेय. "या, इकडून बघा, हा तुमचा हॉल, ही तुमची बाल्कनी," असं दिवसभर घसा कोरडा पडेपर्यंत म्हणायचं आणि संध्याकाळी आपल्या भाड्याच्या दीड खोलीत येऊन एकमेकांना कोपरं मारत जेवायचं. काल पहिल्यांदा "हा माझा हॉल" म्हणाले. ऐकायला कोणी नव्हतं, तरी मोठ्याने म्हणाले.

आता एकेक ऐका, आणि नाक मुरडायचं ते शेवटी एकदाच मुरडा. दिव्यांना बटणं नाहीत. आपण बोलायचं आणि ते लागतात. पडदे सकाळी आपले आपण सरकतात. स्वयंपाकघरात मधोमध एक मोकळा ओटा आहे, चारी बाजूंनी उभं राहून काम करता येतं. भट्टी, म्हणजे ओव्हन, वाफेवर चालते. न्हाणीघरात टब आहे, पांढराशुभ्र, माणूस आत गेला की बाहेरून दिसणार नाही इतका मोठा. कमोडचं झाकण आपण जवळ गेलो की स्वतःहून उघडतं. हसू नका! लोक या झाकणासाठी घर घेतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि ती खोली. तिच्यावरून आपलं जे व्हायचं ते झालं. तुमचं म्हणणं, तेवढ्याच किमतीत खालच्या मजल्यावरचं साधं तीन बेडरूमचं घर येत होतं आणि मी लक्झरी पॅकेजवालं दोन बेडरूमचं घेतलं. हो, घेतलं. शिवाय त्यात कपड्यांची स्वतंत्र खोली आहे म्हटल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "कपड्यांना खोली आणि मला हॉलमधला दिवाण. छान." मग बॅग भरलीत आणि मावशींकडे निघून गेलात. आई, तो दिवाण साधा नाही. ओढला की पलंग होतो. तुमची नात टिटवी तुमच्यासोबत तिच्या खोलीत झोपायलाही तयार होती, फक्त ती झोपेत बोलते. जागेपणी काय कमी बोलते म्हणून तिचं नाव टिटवी पडलंय, ते सोडा.

सांगायचं एवढंच की घर झालं आहे आणि त्यात तुम्ही नाही. लवकर या. बाकी सगळं नंतर भांडू.

तुमची सून
(एकच आहे, बदलून मिळणार नाही)

१९ फेब्रुवारी

आई,

तुमचं कार्ड मिळालं. "कपडे मजेत ना? त्यांना माझा आशीर्वाद सांग." एवढंच! तुमच्या चिरंजीवांना वाचून दाखवलं तर ते इतके हसले की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. टिटवीने ते कार्ड फ्रीजवर चिकटवलंय. येता-जाता वाचते आणि फिदीफिदी हसते. तिघंही एका वळणाचे तुम्ही.

तर कपडे मजेत आहेत. त्यांना आरसा आहे, वर मंद दिवे आहेत, चपलांना तिरके कप्पे आहेत. मी सगळे कपडे रंगाप्रमाणे लावले. लावून झाल्यावर बघते तर निम्मी खोली रिकामीच. एवढे कपडे माणसाकडे असतात कुठे? मग खोली भरलेली दिसावी म्हणून हिवाळ्यातल्या गोधड्याही हँगरला टांगल्या. चांगलं दिसतंय. म्हणजे, बरं दिसतंय.

बाकीचं सगळं मस्त चाललंय. उगाच कुठे कानावर येऊ नये म्हणून सांगते, दिवे अजून माझं ऐकत नाहीत. "दिवे लाव" म्हटलं की ते विचारात पडतात. गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं. तुमचे चिरंजीव तर त्यांना "जरा लावता का" असं म्हणतात, सासुरवाडीला आल्यासारखं. परवा मी भाजी चिरत होते आणि पडदे भरदुपारी आपले आपण बंद झाले. अंधारात बोट कापलं. जास्त नाही. कमोडच्या झाकणाचं म्हणाल तर ते आपण नुसते शेजारून गेलो तरी उघडतं. दात घासायला गेलं की सलाम, टॉवेल घ्यायला गेलं की सलाम. टिटवी त्याला "बसा बसा" म्हणते.

आणि टब. टबात आपण बसतो कुठे रोज? तो भरेपर्यंत ऑफिसची वेळ टळते. तुमचे चिरंजीव टबात बादली ठेवतात आणि बाहेर उभं राहून आंघोळ करतात. मी त्यांना म्हटलं, अहो, लोक याच्यासाठी वेडे होतात. म्हणाले, "होऊ देत की, मी कुठे अडवतोय."

पण मी पैसे वाया घालवले असं मला मुळीच वाटत नाही. उलट जो येतो तो तोंडात बोट घालतो. शेजारच्या बाई आल्या होत्या, त्या मधल्या ओट्याभोवती प्रदक्षिणा घालून गेल्या. बघायला माणसं येतात तेव्हा मला फार आनंद होतो. ती गेली की घर इतकं शांत होतं की फ्रीजचा आवाज ऐकू येतो. मीठ कमी पडलं तरी कोणी बोलत नाही. हे दोघं निमूट खातात. काल मी मुद्दाम आमटी खारट केली. तीही खाल्ली! अशा घरात माझ्यासारखीने दिवस काढायचे तरी कसे?

मावशींकडे तुम्हाला झोपायला नीट जागा आहे ना? हे मी सहज विचारतेय.

तुमची सून

८ मार्च

आई,

बसल्या आहात ना? नसाल तर बसा. खोली रिकामी केली!

कपड्यांची खोली. सगळीच्या सगळी. आरसा उतरवला, तिरके कप्पे काढले, हँगरच्या नळ्या काढल्या. मी स्वतः पाना घेऊन वर चढले होते. तुमचे चिरंजीव खालून "अगं पडशील" म्हणत होते आणि मी वरून "पडले तर पडले" म्हणत होते. आता ती तुमची खोली आहे. खिडकी लहान आहे, पण पूर्वेला आहे. दार आहे, दाराला कडी आहे, आतून लागते. मी मुद्दाम दहा वेळा लावून पाहिली. तुम्हाला आमचा कंटाळा आला की खुशाल लावून बसा.

कसं सुचलं ते सांगते. परवा एक कुटुंब सॅम्पल फ्लॅट बघायला आलं. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "घरात कोण कोण राहणार?" हा आमचा पहिला प्रश्न असतो, त्यावरून पुढे काय विकायचं ते ठरतं. त्या बाई म्हणाल्या, "आम्ही दोघं, मुलगा, आणि सासूबाई." मग त्यांना मी तीन बेडरूमचं दाखवलं. पॅकेजचा शब्दही काढला नाही. संध्याकाळी जिना उतरताना माझ्या डोक्यात उजेड पडला आणि तिथेच पायरीवर मला हसू फुटलं. वॉचमन विचारायला लागला, "ताई, काय झालं?" काही नाही म्हटलं, घराची मापं चुकली होती, ती सापडली.

माझे कपडे सध्या हॉलमध्ये दोरीवर आहेत. घर धोब्याच्या दुकानासारखं दिसतंय आणि शेजारच्या बाई पुन्हा प्रदक्षिणेला आलेल्या नाहीत. पण मला इतका आनंद झालाय की काय सांगू.

आणि खरी बातमी अजून पुढेच आहे. तुमचे चिरंजीव तुमच्यासाठी पलंग करताहेत! विकतचा नाही, स्वतःच्या हातचा. सॅम्पल फ्लॅटचं सगळं फर्निचर तेच करतात हे तुम्हाला माहीत आहे, पण तुमच्यासाठी त्यांनी आजवर काही केलेलं नाही. कामावरून आले की वर्कशॉपमध्ये जाऊन बसतात, मला बघू देत नाहीत. अंगाला लाकडाचा भुसा लावून येतात आणि जेवताना मधेच हसतात. लग्न ठरलं तेव्हाही इतके खूश नव्हते, मी विसरलेले नाही.

येत्या आठवड्यात या. राहायला नको, नुसतं बघायला या. मग काय ते ठरवा. सगळं तुमच्या मनावर आहे.

तुमची सून

१८ मार्च

आई,

तुम्ही गेलात त्याला आठवडा होत आला. राग निवळू दे म्हणून थांबले होते. तुमचा नव्हे, माझा. तुमचा निवळायची वाट बघायची तर टिटवीचं लग्न होईल.

मला आधी चांगलं तेवढं आठवू दे. तुम्ही दारातून आत पाऊल टाकलंत, अंधार होता, आणि तुम्ही शाळेच्या मैदानावर उभ्या असल्यासारख्या गरजलात, "दिवे!" आणि सगळे लागले! हॉलमधले, ओट्यावरचे, न्हाणीघरातले, बाल्कनीतलासुद्धा. जे दिवे महिनाभर माझ्यापुढे मठ्ठ होऊन बसले होते ते एका हाकेत ताठ उभे राहिले. तुम्ही म्हणालात, "पडदे!" तर पडदेही सरकले. तुम्हा खेळाच्या बाईंना शाळेत इतकी वर्षं पोरं का टरकत होती ते मला तेव्हा कळलं. टिटवी टाळ्या पिटत होती. तुमच्या तोंडावरही हसू होतं. मी पाहिलं, नाही म्हणू नका.

मग खोली दाखवली. तुम्ही खिडकी उघडलीत, कडी लावून बघितलीत, काही बोलला नाहीत. म्हणजे आवडली. मी मनात म्हटलं, जिंकले! आणि मग तुम्ही पलंगावर आडव्या झालात.

ते पाय, आई! गुडघ्याच्या खालून बाहेर. मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही वर छताकडे बघत विचारलंत, "हे काय गं?"

"पलंग आहे, आई."

"पलंग नाही हा. पाळणा आहे."

मला हसू आलं, चूक माझी. तुम्ही उठून बसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "कळलं मला. दाखवण्यापुरतीच हवी होते मी." तुम्ही ओरडला असतात तर मी भांडले असते. तुमच्या चिरंजीवांचा चेहरा पांढरा पडला होता. ते एकच म्हणत होते, "अगं आई, नेहमीचंच माप घेतलं होतं, नेहमीचंच."

आता काय झालं ते नीट सांगते. वाचाच. सॅम्पल फ्लॅटचं फर्निचर खऱ्या मापाचं नसतं. पलंग आखूड, टेबल बुटकं, खुर्च्या अरुंद, म्हणजे खोली मोठी वाटते. दारंही काढून ठेवतात. गिऱ्हाइकाला कोणी पलंगावर झोपवून बघत नाही, त्यामुळे चालून जातं. सगळ्या बिल्डरांकडे हे असंच चालतं. तुमचे चिरंजीव वर्षानुवर्षं तेच करताहेत. त्यांच्याकडे प्लायवूडचे फर्मे आहेत. फर्मा ठेवायचा, पेन्सिल फिरवायची, कापायचं. तुमच्या पलंगालाही त्यांनी तोच फर्मा काढला. लाकूड भारीतलं आणलं, कडा हाताने घासल्या, जिवापाड काम केलं, आणि माप मात्र पाऊण. त्यांना खरंच वाटत होतं की पलंग एवढाच असतो. "हात तसाच चालतो गं माझा," म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत.

आणि यापुढचं वाचून तुम्ही हसणार आहात. तुम्ही गेल्यावर ते टेप घेऊन घरभर फिरले, इथलंही सगळं फर्निचर त्यांच्याच हातचं ना. टेबल लहान! खुर्च्या लहान! आमचा पलंगसुद्धा लहान! आपलं अख्खं घर सॅम्पल फ्लॅट आहे, आई. आम्ही दोघं बुटके, आम्हाला पत्ताच नाही. टिटवी महिनाभर सांगत होती की टेबलाला गुडघे आपटतात. ती तुमच्यावर गेलीय, ताडमाड वाढतेय. आणि आम्ही दोघं तिला सांगत होतो, "नीट बस."

तेव्हा तुम्हाला दाखवण्यापुरतं बोलावलं हे डोक्यातून काढून टाका. तुम्हाला एकटीला पाऊण मापाचं दिलेलं नाही, सगळ्यांना दिलंय. यात अपमान नाही, नुसता मूर्खपणा आहे, आणि तो खानदानी आहे, कारण करणारा मुलगा तुमचाच.

एक मात्र मला कळलं नाही. सकाळी निघण्याआधी तुम्ही न्हाणीघरात शिरलात त्या किती वेळ बाहेरच आला नाहीत. आम्ही तिघं दाराबाहेर कान लावून उभे. नुसता पाण्याचा आवाज. मध्येच तुम्ही काहीतरी गुणगुणलात असं टिटवी शपथेवर सांगते. बाहेर आलात, बॅग उचललीत आणि गेलात. आत काय चाललं होतं?

तुमची सून

२ एप्रिल

आई,

कार्ड आलं! मी ते जिन्यातच वाचलं आणि धावत वर आले. "टब बरा आहे. त्या घरात माझ्या मापाची तेवढी एकच वस्तू आहे. बाकी सगळं परत दे."

म्हणजे टबात बसला होतात! टब आवडला! मी तुमच्या चिरंजीवांना सांगितलं, बघा, उगाच बादली ठेवत होतात. तो कारखान्यातून आलेला, त्याला यांचा फर्मा लागलेला नाही, म्हणून बचावला. आता ती बादली बाहेर गेली आहे. झाकणाची वायर काढून टाकली. पडद्यांना साधी दोरी बांधली. वाफेची भट्टी शेजारच्या बाईंनी आनंदाने नेली, बदल्यात त्यांचा लाकडी कपाटांचा जोड दिला, त्यात माझे सगळे कपडे मावले आणि वर जागाही उरली. दिवे राहू दिले आहेत. ते तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत. आम्ही सध्या टेबललॅम्पवर जगतोय.

कामावर मात्र गंमत झाली. एक जोडपं आलं, दोघंही तुमच्यासारखे उंच. ते गृहस्थ म्हणाले, "खरं सांगा, हे पॅकेज घेण्यासारखं आहे का?" हा प्रश्न मला रोज विचारतात आणि त्याचं उत्तर मला झोपेतही पाठ आहे. पण तोंडातून निघालं, "आधी पलंगावर आडवे व्हा बघू." ते झाले. त्यांचेही पाय बाहेर! बायको पोट धरून हसायला लागली. मग मी दोघांना खुर्च्यांवर बसवलं, टेबलाशी बसवलं, आणि सांगून टाकलं की घरात अंग दुखणारं कोणी मोठं माणूस असेल तर टब जरूर घ्या. ओटा, स्वयंपाक दोघंही करणार असाल तर घ्या. दिवे, घरात एखाद्या खेळाच्या बाई असतील तरच. बाकीचं पाहुण्यांसाठी असतं, आणि पाहुणे आपापल्या घरी जातात. साहेब मागे उभे होते ते मला दिसलंच नाही.

नोकरी आहे अजून, काळजी नको. त्या जोडप्याने तीन बेडरूमचं घर जागच्या जागी घेतलं, म्हणून साहेबांचा आवाज अर्ध्यावरच खाली आला. पण पलंगावर यापुढे कोणाला झोपवायचं नाही असा हुकूम निघालाय.

आता महत्त्वाचं. तुमचे चिरंजीव नवा पलंग करणार आहेत. त्यांनी फर्मे जाळायला काढले होते, मी म्हटलं जाळू नका, पोट त्यावर आहे. पण तुमच्या पलंगाला ते फर्म्याला हात लावायला तयार नाहीत, आणि टेपवरही त्यांचा विश्वास राहिलेला नाही. म्हणतात, आईला दोरीने मापून दोरी पाठवायला सांग. डोक्यापासून टाचेपर्यंत, वर चार बोटं जास्त. मावशींना सांगा, त्या मापतील. पाठवाल ना?

दोरीच मागतेय, आई. तुम्हाला नाही. तुम्हाला मागितलं की तुम्ही नाही म्हणता.

तुमची सून

१३ एप्रिल, संध्याकाळ

आई,

तुम्ही समोर झोपलेल्या असताना हे लिहितेय.

"दोरीबिरी पाठवणार नाही. मुलाच्या हाताची ती तऱ्हा, पोस्टात दोरीही आखडेल. स्वतः येते, माप द्यायला. संध्याकाळच्या गाडीने परत." असं तुमचं कार्ड आल्यापासून घरात लगीनघाई होती. मी आज सुट्टी घेतली. तुम्ही आलात, पाणी प्यायलात, दिव्यांना एकदा हाक मारून ते जागेवर आहेत ना बघितलंत आणि सरळ खोलीत गेलात. "चला, आटपा," म्हणालात. बॅग आणली नव्हती. नुसती पर्स. ती पर्स बघून मला रडू आलं होतं, मी स्वयंपाकघरात गेले ते त्यासाठी. कांदा चिरायला नाही.

खोलीत काहीच नव्हतं, नुसती रिकामी जमीन. तुमचे चिरंजीव हातात खडू घेऊन म्हणाले, "आई, इथे आडवी हो." तुम्ही म्हणालात, "असली मोजणी कोण करतं रे?" पण झालात. पदर डोक्याखाली घेतलात, पाय लांब केलेत. त्यांनी डोक्याच्या वर एक रेघ ओढली आणि पायांपाशी जाऊन बराच वेळ नुसते बसून राहिले. मी म्हटलं, अहो, ओढा ना. ते म्हणाले, "तिला म्हण, जरा पाय सैल सोड. ती अजून आखडूनच झोपलीय." मी तसं सांगितलं. तुम्ही सैल सोडलेत. ते अजून थोडे मागे सरकले आणि तिथे रेघ ओढली. तुम्ही किती लांब आहात, आई! इतकी वर्षं दीड खोलीत तुम्ही स्वतःला कुठे घडी करून ठेवत होतात?

"झालं, ऊठ," ते म्हणाले. तुम्ही उठला नाहीत. वाकून बघितलं तर झोप लागलेली. उशी नाही, चटई नाही, पंखासुद्धा लावलेला नाही.

मग मावशींचा फोन आला, पोचलात का विचारायला. मी म्हटलं, पोचल्या आणि झोपल्या. मावशी म्हणाल्या, "झोपली? खरंच? अगं, इथे आल्यापासून तिला धड झोप म्हणून नाही. पुढच्या खोलीत आरामखुर्चीत बसून असते. आमच्याकडे तरी कुठे जागा आहे गं. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती." मी फोन ठेवला आणि तुमच्याशेजारी येऊन बसले, ती अजून बसलेय.

टिटवी शाळेतून आली. तिला बाहेरच खूण करून गप्प केलं. ती गप्प बसलीय, यावरून काय ते समजा. तुमचे चिरंजीव दारात उभे आहेत आणि खडू हातात फिरवताहेत. मघाशी खुणेने विचारलं, उठवू का, गाडीची वेळ झाली. मी मान हलवून नको म्हटलं. त्यांना ते बरं वाटलं असावं, कारण ते लगेच लाकूड आणायला गेले.

आई, जागेपणी तुमच्यासमोर मला हे बोलता येणार नाही, तुम्ही लगेच काहीतरी खोचक बोलाल आणि मीही बोलेन, मग राहूनच जाईल. मला तुम्ही इथे हव्या आहात. ओट्यापेक्षा, टबापेक्षा, कशाहीपेक्षा. दिवे लावायला नाही आणि मीठ बघायलाही नाही. नुसत्या हव्या आहात. तुम्ही गेल्यापासून मी या घरात गिऱ्हाइकासारखी फिरत होते, हे छान आहे, ते छान आहे म्हणत, आणि राहायला सुरुवातच झाली नव्हती. आज तुम्ही जमिनीवर झोपल्या आहात, घरात धड पलंग नाही, माझ्या आनंदाला मात्र पारावार नाही. काय म्हणायचं ते म्हणा.

तुमची गाडी आता सुटली असेल. मला वेळ माहीत होती आणि मी मुद्दाम उठवलं नाही.

आत्ता, हे लिहिता लिहिता, तुम्ही एक डोळा उघडलात. "गाडी?" विचारलंत.

"गेली," मी म्हटलं.

तुम्ही "बरं" म्हणालात, कुशीवर वळलात आणि पुन्हा डोळे मिटलेत.